कापसाच्या काट्यावर बारकी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी सव्वासात. स्थळ आमचं अंगण, पिंगळी, स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवर. हजर माणसं: मी, माझे यजमान, सासूबाई, आणि समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर दुकानदार अप्पा, जे आमच्या अंगणात कधी येत नाहीत पण अंगणातलं सगळं बघतात. हजर कोंबड्या: सासूबाईंच्या गावरान तीन आणि गावरान कोंबडा एक, मी आदल्या दिवशी परभणीहून आणलेल्या गिरिराज जातीच्या सहा आणि त्यांचा कोंबडा एक. गैरहजर: सासूबाईंची चौथी कोंबडी, बारकी. ती शेवग्याच्या फांदीवर बसली होती आणि हजेरीसाठी खाली उतरायला तयार नव्हती.

ही नोंद माझ्या वहीतली, जशीच्या तशी. मी अंगणवाडीत सेविका आहे. वीस वर्षं झाली, हजेरी, वजन, उंची, खाऊ याच्या नोंदी ठेवते. दर महिन्याला पोरं काट्यावर बसवायची, आकडा लिहायचा, आकड्यावरून गट पाडायचे. हे एकदा अंगात मुरलं की घरीही वही लागते. गॅसची टाकी कधी लावली, लोणच्याची बरणी कधी फोडली, कोणत्या पाहुण्याला साखरेचा चहा चालत नाही, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. यजमान म्हणतात, लग्नाच्या दिवशी मी त्यांचीसुद्धा नोंद केली असणार. केली होती. शेरा अजून लिहायचा आहे.

गावरान कोंबड्यांची मात्र नोंदच ठेवता येत नव्हती. त्या वाटेल तेव्हा अंडी देत, वाटेल तिथे देत. एकदा कडब्याच्या गंजीत, एकदा यजमानांच्या हेल्मेटात. म्हणून मी गिरिराज आणल्या. थोराड बांध्याच्या, मांडीएवढ्या रुंद, चालताना जमीन दाबत चालणाऱ्या. त्यांच्याशेजारी सासूबाईंच्या गावरान म्हणजे साळुंक्यांना थोडी बढती मिळाल्यासारख्या दिसत.

सासूबाईंनी डालगं उचलून आत बघितलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. त्यांनी ते तसंच खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या कोंबड्या हायत का वासरं?"

"चांगल्या जातीच्या हायत, आत्याबाई." आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

"जातीच्या असतील. माझ्या बारकीवर एकीनं नुसतं बूड टेकलं तरी तिची पोळी होईल." मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐका. माझ्या पाचांपैकी एकाला बी खरचटलं, रगताचा एक थेंब दिसला, तर मी माझ्या कोंबड्या घेऊन पूर्णेला जायले. कायमची."

पूर्णेला माझे धाकटे दीर रेल्वेत आहेत, त्यांना क्वार्टर आहे. पिंगळीहून पूर्णा गाडीनं म्हणजे बसलं की उतरायचं. पूर्णेला जायची धमकी सासूबाईंनी आधीही दिलेली आहे. माझ्या वहीप्रमाणे सहा वेळा. पण या वेळी त्यांनी ती तोंडी ठेवली नाही. आत जाऊन पिशवी भरली. दोन लुगडी, एक चोळी, पाण्याचा तांब्या, आणि भुश्यात गुंडाळून बारकीची तीन अंडी. पूर्णेला गेल्यावर दिराच्या अंगणात बारकीखाली उबवायला. पिशवी त्यांनी दाराजवळच्या खुंटीला अडकवली, येताजाता माझ्या खांद्याला लागेल अशी.

त्या दुपारी मी एक यादी केली: "आत्याबाई गेल्यास कोणी काय करायचं." नळाला पाणी येतं तेव्हा घरात कोण असतं? आत्याबाई. दूधवाल्याला भांडं कोण देतं, वाळवणावरून कावळे कोण हाकलतं, यजमानांना चष्मा कुठे ठेवला ते कोण सांगतं, मी अंगणवाडीतून येईपर्यंत भाजी कोण निवडून ठेवतं? एकोणीस कामं निघाली. अठरांपुढे माझं नाव आलं. यजमानांनी यादी वाचली आणि एकोणिसाव्या कामाच्या जागी स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं: लक्ष ठेवणे.

म्हणजे कामाचा हिशेब बघितला तरी सासूबाईंना जाऊ देणं परवडणारं नव्हतं. आणि तो हिशेब सोडून देऊन बघितला तरी नव्हतं. सत्तावीस वर्षं ज्या बाईशी रोज भांडण होतं, तिच्या जागी नुसती भिंत बघत मी भाकरी थापणार होते. त्यासाठी मात्र वहीत रकाना नव्हता.

तेव्हा उपाय एकच, पद्धतशीर काम. पहिलं पाऊल, वजन. अंगणवाडीचा काटा कोंबड्यांना लावायचा नाही एवढं मला कळतं. म्हणून अप्पांकडे तराजू मागितला. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि त्यांच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. कोंबड्यांसाठी मका आणि तांदळाची कणी मात्र सगळं गाव त्यांच्याकडूनच नेतं, त्यामुळे कोंबडी या विषयावर गावात त्यांच्याइतकं कोणी बोलत नाही.

"शिव शिव! बाई, ह्या तराजूवर मी गूळ तोलतो," अप्पा म्हणाले. "कोंबडी बसवली तर लोक गुळात पीस शोधतील. अन् तोलता कशाला? आठ दिवस जाळीआड ठेवा त्या नव्यांना. एकमेकींची तोंडं बघू द्या. मग सोडा."

"अप्पा, माझ्या यादीत आज रविवारीच एकत्र करायचं लिहिलंय."

"मग काय," अप्पा म्हणाले, "यादीत हाय म्हणल्यावर कोंबड्यांना ऐकावंच लागंल."

शेवटी यजमानांनी कापसाचा काटा आणला. छपराच्या आड्याला टांगायचा, खाली लोखंडी आकडा, गठुडं अडकवून तोलायचा. मी जुन्या धोतराची झोळी केली आणि एकेक कोंबडी तोलली. गिरिराजांना काटा चांगला झुकला. गावरान कोंबड्यांना थोडासा थरथरला. यजमान शेवग्यावर चढून बारकीला काढून घेऊन आले, तेव्हा त्यांच्या मनगटावर तीन ओरखडे होते. बारकीला झोळीत घातलं. काटा हललाच नाही. कापसाच्या काट्यावर पहिली खूणच मुळी दोन किलोंची, तर तो काय हलणार. पण रकाना रिकामा ठेवायची मला सवय नाही. मी लिहिलं, "बारकी: शून्य."

"काय लिहिलंस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही, पण शून्य ओळखता येतं.

"वजन."

"सात वर्सं ही कोंबडी ह्या अंगणात हाय. घोणस आला तवा सगळ्यात आधी ती वरडली. अन् तू तिला शून्य लिहिलंस?"

मी लिहिलेलं खोडत नाही. खाडाखोड केलेली वही तपासणीत चालत नाही.

वजनावरून गट पाडले, मोठा गट आणि लहान गट. मग जेवणाच्या वेळा. आमच्या घरात पंगतीचा क्रम ठरलेला आहे. आधी पुरुष माणसं, मग आम्ही. मोठ्या भुकेचं आधी भागवायचं, मग उरल्यात बाकीच्यांनी निवांत जेवायचं, अशी त्यामागची समजूत. कोंबड्यांनाही मी तोच नियम लावला. सात वाजता मोठा गट, साडेसातला लहान गट. मोठ्यांची पोटं भरली की त्या लहानांच्या वाटेला जाणार नाहीत, असा माझा विचार. वेळापत्रक खुराड्याच्या दाराला दाभणानं टोचून लावलं. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त सासूबाई म्हणाल्या, "काल आलेल्या आधी जेवणार, अन् सात वर्सांची मागून," आणि आत गेल्या. मी ते टोमण्याच्या खात्यात टाकलं. माहितीच्या खात्यात टाकायला हवं होतं.

पुढच्या तीन दिवसांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. त्या आता वाचताना मला माझ्या नोकरीची काळजी वाटते.

सोमवार: मोठा गट परातीपासून हातभर लांब उभा. स्वभाव शांत दिसतो. बारकी परातीत उभी. लहान गटाची वेळ नसताना आली, हाकलली.

मंगळवार: मोठ्या गटानं खाल्लं नाही. नव्या जागेची सवय नसावी. बारकी परातीत. हाकलली. पुन्हा परातीत.

बुधवार: मोठा गट न्हाणीच्या भिंतीला टेकून ओळीनं उभा. शिस्त चांगली. मला लहान गटाची काळजी वाटते. बारकीच्या पाठीवर लक्ष ठेवणे.

बुधवारी संध्याकाळी मी कणी आणायला गेले तेव्हा अप्पांनी पायरीवरूनच विचारलं, "बाई, त्या पैलवान बायांना उपास हाय का?"

"का?"

"तीन दिवस बघायलोय. एक बी दाणा खायना गेल्यात. ती तुमची चिमुरडी परातीत उभी राहती, अन् कोणी मान खाली घातली की डोक्यात टोचती. रांगेत उभ्या हायत बिचाऱ्या, रेशनला उभं राहावं तशा."

"अप्पा, ती त्यांच्या पावपट आहे."

"तुमी वजनावर मोजायलात. त्या तशा मोजत न्हाईत." आणि हे ज्यानं सांगितलं तो माणूस दिवसभर तराजूच हातात धरून बसतो.

मी घरी आले आणि लिहिलं, "अप्पांचं म्हणणं: मोठा गट उपाशी. तपासून बघणे." रविवारची तारीख टाकली. मधल्या दिवसांत माझं पोषण आहाराचं काम होतं.

गुरुवारी दोन वाजता अंगणवाडी बंद करून आले तर अंगणात फक्त सासूबाई उभ्या. खांद्याला पिशवी. काखेत बारकी. खुराड्याच्या दारावर, नेमकं वेळापत्रकावर, रक्ताचे शिंतोडे. खाली मोठी पिसं विखुरलेली. बारकीच्या चोचीपासून छातीपर्यंत सगळं लाल.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानंच मी घाबरले. "सांगितलं होतं का न्हाई? रगत."

यजमान शेतातून मोटारसायकलवर आले. कापूस वेचायला बाया लावून अर्ध्यात उठून आले होते. त्यांना सासूबाईंनीच शेजारच्याच्या फोनवरून बोलावलं होतं. "गाडी किती वाजता हाय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात.

अशा वेळी काही सुचत नाही, तेव्हा मी हजेरी घेते. अंगणवाडीत पोरगं पडलं, रडारड झाली, तरी आधी डोकी मोजायची. मी मोजली. गावरान कोंबड्या, बारकी धरून चार. गावरान कोंबडा एक, उकिरड्यावर मजेत. मग सासूबाईंच्या काखेतून बारकीला घेतलं. त्या देईनात.

"द्या, आत्याबाई. जखम कुठाय ते तर बघू. हळद लावते."

बादलीतल्या पाण्यात फडकं भिजवून मी तिची छाती पुसली. खाली कोरडं. पंख उचलून बघितले, मान बघितली, तुरा बघितला, पाय बघितले. पुसत गेले तसं रक्त जात गेलं, आणि आत आख्खी, धडधाकट, संतापलेली कोंबडी निघाली. तिनं माझ्या अंगठ्यावर टोच मारली.

"हिला काही झालेलं न्हाई," मी म्हणाले.

"मग रगत कुणाचं?"

मी मोठा गट मोजला. सहा कोंबड्या न्हाणीच्या भिंतीशी. कोंबडा गैरहजर. यजमानांनी न्हाणीत डोकावलं. पाण्याच्या पिंपामागे, कोपऱ्यात डोकं खुपसून, बूड बाहेर ठेवून गिरिराजांचा कोंबडा उभा होता. अंगणात एवढा अवाढव्य कोंबडा, पण त्या फटीत कसा शिरला कोण जाणे. त्याला बाहेर ओढला. तुऱ्याची एक पाकळी फाटून लोंबत होती, डोकं सगळं लाल.

पायरीवरून अप्पांचा आवाज आला. "मी बघितलंय! साडेबाराला. त्यानं परातीत चोच घातली. चार दिवसांचा उपाशी, काय करंल? ती उडून त्याच्या डोक्यावर बसली. बसली ती उतरंनाच. त्यो अंगणभर पळायलाय, अन् ही वर. वरात निघाली होती, बाई, वरात!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"आवाज दिला की. पर ह्या आत होत्या, अन् कोंबड्याच्या अंगाला मी हात लावत न्हाई."

यजमान कोंबडा धरून उभे होते. मी त्याच्या तुऱ्याला हळद दाबली. सासूबाई पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. अट त्यांनी स्वतःच सांगितली होती, सगळ्यांसमोर, अप्पांनाही ऐकू जाईल अशी: माझ्या पाचांपैकी एकाला खरचटलं तर. त्यांच्या पाचांपैकी कोणाला काही झालं नव्हतं. जायला कारण उरलं नव्हतं आणि पिशवी खांद्यावर होती.

तेवढ्यात स्टेशनावर गाडीचा भोंगा वाजला.

"मग आई, आता गाडीला सोडायचं का न्हाई?" यजमानांनी विचारलं. या माणसाला कोणत्या वेळी कोणता प्रश्न विचारू नये याची यादी मी करून द्यायला हवी होती.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कोंबड्याकडे बघितलं. "गाडी काय," त्या म्हणाल्या, "रोज येती." आणि आत जाऊन पिशवी होती त्याच खुंटीला अडकवली.

मग ओट्यावर बसून त्यांनी बारकीला मांडीवर घेतलं आणि मला समोर बसवलं. "मी ह्या घरात आले तवा माझी सासू माझ्या खांद्याला लागायची. एवढीशी. मी अर्ध्या मणाचं पोतं एका हातानं उचलायची. पर तिनं ताट घेतल्याबिगर मी कधी भाकरीला हात लावला का? थोरली कोण हे उंचीवर नसतंय. तुझ्या ह्या बाया नव्या सुना हायत. ह्यांना तू पहिल्याच दिवशी पहिल्या पंगतीला बसवलंस. थोरलीला शून्य लिहून मागं ठेवलंस. तिनं दुसरं काय करावं?"

"पण आपल्या घरात तरी थोरली कुठं पहिल्या पंगतीला बसते, आत्याबाई?" मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

जेवणं व्हायची होती. मग सासूबाईंनी पाट ओढला आणि स्वयंपाकघरात मधोमध बसल्या. "वाढ," म्हणाल्या. यजमान ताट हातात घेऊन दारात उभे राहिले. कोंबडा त्यांच्या दुसऱ्या काखेत होता.

"ह्याचं मग काय करायचं?" त्यांनी जरा वेळानं कोंबड्याबद्दल विचारलं. "असा बी फाटलाच हाय. रविवारी रस्सा..."

"जखमी पाहुण्याला कापतात व्हय रे?" सासूबाई घास चावत म्हणाल्या. "बस तिकडं."

शुक्रवारी मी वेळापत्रक काढलं. कांद्याच्या चाळीची जुनी जाळी होती ती आडवी बांधून गिरिराजांना एका बाजूला केलं, दहा दिवस तोंडं बघायला. दोन पराती केल्या, एक न्हाणीच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये भिंत. हे अप्पांचं. त्यांचं म्हणणं, दोन भांडकुदळ गिऱ्हाईकं एकदम आली की ते एकाला साखरेच्या पोत्याकडे पाठवतात आणि दुसऱ्याला डाळीच्या. दोन्ही पोत्यांवर एकाला पहारा देता येत नाही. गिरिराजांना उडता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर जाड बांबू बांधला. गावरान शेवग्यावर राजी. गिरिराज कोंबडा मात्र सगळा वेळ जाळीआडच, कारण त्याचं वजन लहान कोंबड्यांच्या पाठीला सोसणारं नाही. त्याला स्वतःलाही बाहेर यायची घाई दिसत नव्हती.

दहा दिवसांनी कोंबड्यांपुढची जाळी काढली, कोंबड्यापुढची राहू दिली. बारकीनं सहाही जणींना एकेक टोच मारली, ओळीनं, कोणाला वगळलं नाही. मी खरं सांगते, हजेरी घेण्याची ती पद्धत मला आवडली. त्यानंतर अंगणात काही झालं नाही. गिरिराज खायला लागल्या. वहीत मी वजनाच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखला: "या घरात कधी आली." त्यात बारकी पहिली. शून्य तसंच आहे, खोडलेलं नाही, फक्त पुढे कंसात लिहिलं: काटा चुकीचा.

आता पौष चालू आहे. सासूबाई आहेत. पाणी भरलं जातं, दूधवाल्याला भांडं मिळतं, यजमानांचा चष्मा सापडतो. रोज भांडण होतं. पहिल्या पंगतीला त्या बसतात. यजमान आता ताट आपलं आपण घेतात, एवढी प्रगती आहे.

पण पिशवी खुंटीलाच आहे. सासूबाई ती रिकामी करत नाहीत, कारण केली तर त्या राहिल्या असं ठरेल, आणि त्या राहिल्या नाहीत. त्यांची गाडी रोज येते. मी ती रिकामी करत नाही, कारण केली तर मी त्यांना राहायला सांगितलं असं होईल, आणि ते मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. त्यांची दोन लुगडी आत आहेत. चोळी आहे. अंगणात रोज लागणारा तो तांब्या आत आहे, म्हणून आम्ही दोघी डब्याच्या झाकणानं पाणी पितो आणि त्याबद्दल बोलत नाही. आणि भुश्यात गुंडाळलेली बारकीची तीन अंडी आत आहेत, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारपासून.

थंडीचे दिवस आहेत म्हणून निभावलंय. काल यजमान दाराशी थांबले, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, "कसला तरी वास यायलाय." सासूबाई म्हणाल्या, "मला न्हाई येत." मी म्हणाले, "मलाही नाही." बारकी उंबऱ्यावर उभी राहून पिशवीकडे बघत होती.

आज सकाळी आठवड्याची यादी लिहिली. पहिलं काम: पिशवीतली अंडी काढणे. कोणी करायचं, हा रकाना अजून कोरा आहे.